गोळ्यांना न जुमानणारा टीबी

रिसोडपासून मानोऱ्यापर्यंत आपल्या वाशीम जिल्ह्यातल्या बचत गटांत बसून तुम्ही ऐकताय, म्हणून कामाचंच बोलते. नेहमीच्या गोळ्यांना जुमानत नाही अशा टीबीबद्दल.

तो होतो कसा? साध्या टीबीचा उपचार ६ महिन्यांचा. पण एक-दोन महिन्यांतच खोकला कमी होतो, भूक लागते. तेवढ्यात सोयाबीनची सोंगणी येते, नाहीतर ऊसतोडीला निघायचं असतं. "आता बरं वाटते, कायले गोळ्या?" म्हणून औषध सुटतं. अंगात उरलेले चिवट जंतू मग वाढतात आणि पुढे त्याच गोळ्या त्यांच्यावर चालत नाहीत.

चुकीच्या औषधानंही हेच होतं. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०११ च्या अखेरीस चार रुग्णांची माहिती छापली. तपासलेलं एकही औषध त्यांच्या जंतूंवर चालत नव्हतं. त्यांतल्या तिघांना वेगवेगळ्या खाजगी डॉक्टरांनी औषधं दिली होती, तीही एकेक करून आणि बरेचदा चुकीच्या मात्रेत.

आता हे नीट ऐका. असा टीबी हवेतून थेटही लागतो. रोगी खोकलला की बंद खोलीत जंतू बराच वेळ राहतात. त्यामुळे जिनं कधी एकही गोळी चुकवली नाही, तिलाही तो होऊ शकतो. म्हणून "हिनंच गोळ्या फेकल्या असतील" असा बोल लावू नका. बोलाच्या भीतीनं बाई खोकला लपवते आणि तोवर घरातल्या लेकरांना लागण होते.

दोन आठवडे खोकला असेल, ताप येत असेल, वजन घटत असेल, तर आशाताईंना सांगा. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट यंत्रावर टीबी आहे का, आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध चालेल का, हे काही तासांत कळतं. त्या औषधानं लघवी लालसर होते, घाबरू नका. डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात, तर मात्र लगेच दवाखाना गाठा. पोषणासाठी उपचार संपेपर्यंत महिन्याला १००० रुपये खात्यात मिळतात.

कामाला परगावी निघण्याआधी आशाताईंना सांगा, उपचार तिथं सुरू ठेवता येतो. खिडक्या उघड्या ठेवा, रोग्याला तोंडावर रुमाल धरायला सांगा. ताटवाटी वेगळी करू नका, टीबी भांड्यांतून पसरत नाही.

पुढच्या बैठकीत हप्त्याच्या हिशोबासोबत एवढं विचारा: आपल्या गटात कोणाच्या घरी खोकला लांबलाय का?