शरीराचा कारभार



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत एक पुष्प गुंफण्याची आज्ञा मंडळाने आम्हांस केली, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. आम्ही वैद्य नव्हे, शास्त्रज्ञ तर मुळीच नव्हे. कलाशाखेची पदवी घेऊन केंद्र सरकारच्या फायलींत आयुष्य वेचलेले एक सेवक. तथापि आपल्या यशवंतपूरच्या शेजारीच भारतीय विज्ञान संस्था उभी आहे. १९३३ साली कमला भागवत, म्हणजेच पुढच्या डॉ. कमला सोहोनी, मुंबईहून तेथे जीवरसायनाच्या अभ्यासासाठी आल्या आणि स्त्री म्हणून प्रथम नाकारला गेलेला प्रवेश त्यांनी आग्रहाने मिळविला. अशा परिसरात शरीराच्या रसायनाविषयी चार शब्द बोलणे अप्रस्तुत ठरू नये. दुसरे कारण अधिक जवळचे आहे. आपल्या कोणत्याही मेळाव्यात चहाचा ट्रे फिरू लागला की ‘यातला बिनसाखरेचा कोणता?’ हा प्रश्न हमखास ऐकू येतो. त्या प्रश्नाचे मूळ शोधावे, हा आजचा हेतू.

शरीरात हुकूम पोहोचविण्याच्या दोन व्यवस्था आहेत. तुमकूर रस्ता ओलांडताना बाजार समितीच्या आवाराकडे वळणारी एखादी लॉरी अंगावर येते. विचार करण्यापूर्वीच पाऊल मागे पडते. हे काम मज्जातंतूंचे. अतिवेगवान तंतूंतून संदेश सेकंदाला सुमारे १०० मीटर धावतो. लॉरी निघून जाते. छातीची धडधड मात्र काही मिनिटे टिकते. हे काम मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींचे. त्यांनी रक्तात सोडलेले ॲड्रिनॅलिन हृदयाला वेग देते आणि यकृतातील साखरेचे कोठार उघडते.

आमच्या परिभाषेत सांगायचे तर पहिली व्यवस्था तारेची आणि दुसरी परिपत्रकाची. आपल्या देशातील तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली. शरीराने मात्र आपले तारखाते अद्याप मोडीत काढलेले नाही! तार एकाच पत्त्यावर जाते. परिपत्रक सर्व कार्यालयांना जाते, पण ज्या शाखेचा तो विषय असेल तीच त्यावर कार्यवाही करते. त्याचप्रमाणे संप्रेरक, म्हणजे ज्याला आपण हॉर्मोन म्हणतो ते, रक्तातून सर्वत्र फिरते. परंतु ज्या पेशीपाशी त्याला ओळखणारे ग्राहक असतात तीच हलते.

ही दुसरी व्यवस्था फार उशिरा ध्यानात आली. पचनरस केवळ मज्जातंतूंच्या आज्ञेने स्रवतात असा विद्वानांचा समज होता. १९०२ साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या दोघांनी कुत्र्याच्या आतड्याच्या एका भागाचे सर्व मज्जातंतू तोडले आणि त्यात आम्ल सोडले. तारा तुटलेल्या असूनही स्वादुपिंडातून रस वाहू लागला. संदेश रक्तातून गेला होता. त्या द्रव्याला त्यांनी ‘सिक्रेटिन’ म्हटले आणि १९०५ साली स्टार्लिंग यांनी ‘हॉर्मोन’ हा शब्द रूढ केला.

परंतु हुकूम सोडणे सोपे. तो वेळीच मागे घेणे, हे खरे कारभाराचे मर्म. निरोगी माणसाच्या साऱ्या रक्तात मिळून साखर असते ती जेमतेम एक चमचाभर, सुमारे पाच ग्रॅम. पुरणपोळीच्या एका जेवणाने तीत केवढी भर पडेल! ती वाढू लागताच स्वादुपिंड इन्सुलिन सोडते, आणि स्नायू, मेद व यकृत ती साखर साठवून घेतात. रक्तातील साखर उतरली की तीच वार्ता स्वादुपिंडाला पोहोचते व इन्सुलिन आवरते घेतले जाते. एकादशीच्या उपवासात साखर घटली, तर ग्लुकॅगॉन हे दुसरे संप्रेरक यकृतातील साठा बाहेर काढविते. अनुपालनाचा अहवाल हाच येथे पुढचा आदेश ठरतो. अवटू ग्रंथी आणि मेंदूतळाची पोष ग्रंथी यांचा व्यवहारही याच रीतीने चालतो.

आता समजा, पेशींनी इन्सुलिनचा हुकूम ऐकेनासा केला, तर? स्वादुपिंड स्मरणपत्रांवर स्मरणपत्रे धाडते. काही वर्षे अधिक इन्सुलिनच्या जोरावर साखर काबूत राहते आणि घरच्यांना काहीच कळत नाही. पुढे स्वादुपिंड थकते आणि रक्तातील साखर चढू लागते. प्रौढ वयातला मधुमेह बहुधा असा येतो.

हा प्रश्न आपल्याच लोकांत बारकाईने अभ्यासला गेला, तो पुण्यात. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आपले आणि इंग्रज सहकारी डॉ. यडकिन यांचे छायाचित्र प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने वजन मोजणारा निर्देशांक दोघांचा सारखाच, २२.३. पण शरीरातील मेद यडकिन यांचा ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचा २१.२ टक्के! आपला सडपातळ माणूस आतून सडपातळ असेलच असे नाही, हा त्याचा बोध.

याहून महत्त्वाचे काम १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत झाले. तेथील बालकांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो भरले. आपली बाळे स्नायूंनी कृश होती, पण त्वचेखालचा मेद त्या मानाने राखून होती. पुण्यातील नवजातांच्या नाळेच्या रक्तात इन्सुलिनही अधिक आढळले. म्हणजे स्मरणपत्रांची सुरुवात पाळण्याआधीच झालेली! या खेड्यांतील सुमारे दोन-तृतीयांश गर्भवतींत बी-१२ जीवनसत्त्व कमी होते. ज्या मातांत ते कमी व फोलेट अधिक होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला न जुमानण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त दिसली, असे २००८ साली प्रसिद्ध झाले.

याचा अर्थ सर्व काही जन्मतःच ठरले, असा मात्र घेऊ नये. चालणारा स्नायू इन्सुलिनच्या हुकुमाची वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतो. सकाळच्या फेरफटक्याचे माहात्म्य यात आहे. अंगकाठी बारीक म्हणून रक्ततपासणी टाळणे शहाणपणाचे नव्हे. आणि बी-१२ वनस्पतींतून मिळत नाही. ते दूध, अंडी, मासे, मांस यांतून मिळते. शाकाहारी कुटुंबातील मुलीसुनांनी अपत्याचा विचार करण्यापूर्वीच वैद्यांकडून त्याची तपासणी करून घ्यावी.

आपल्या घरांत सर्वांची पाने वाढून झाल्यावर उरल्यासुरल्यावर जेवणाऱ्या स्त्रियांच्या पिढ्या झाल्या. त्या ताटात दूधदही कितीसे उरत असेल? ज्या उदरात पुढच्या पिढीचा कारभार आखला जातो, तिथेच आपण काटकसर करीत आलो. मंडळाच्या शताब्दीस या सभागृहात जे बसतील, त्यांच्यापैकी कित्येकांच्या माता आज आपल्या घरांतल्या शाळकरी मुली आहेत. त्यांचे पान आधी वाढले जावे, एवढीच प्रार्थना.