तारीख कोणी लिहिली?

संगणक माझी रोजीरोटी, मल्याळम सिनेमा माझा छंद. दोघांची गाठ पडली जीतू जोसेफ यांच्या 'दृश्यम'मध्ये (२०१३). हिंदी 'दृश्यम' २०१५ साली आपल्या निशिकांत कामतांनी केला, म्हणून कथा आपणांस ठाऊक असेलच.

चौथीत शाळा सोडलेला केबलवाला जॉर्जकुट्टी, म्हणजे मोहनलाल, साक्षीदारांना खोटे बोलायला सांगत नाही. कंडक्टर, लॉजवाला, सगळे पाहिलेलेच सांगतात. फक्त तारीख त्याने त्यांच्या मनात पेरलेली असते. संगणकातही माहिती बरोबर आणि नोंदीची वेळ चुकीची असली, की दोष लवकर सापडत नाही. प्रत्येक नोंद खरीच दिसते.

म्हणून दहा जणांचे एकमत झाले, तरी कुणाला दोषी ठरवण्याआधी विचारावे, यांना हे प्रथम सांगितले कोणी?

गणपती बाप्पा मोरया!