व्याधाच्या जोडीदाराचे वजन



हिवाळ्याच्या रात्री तळपणाऱ्या व्याधाला एक श्वेतबटू जोडीदार आहे. तो १८६२ साली दुर्बिणीतून प्रथम दिसला. सुमारे ५० वर्षांत दोघे परस्परांभोवती फेरी पुरी करतात. फेरीचा काळ व दोघांतील अंतर यांवरून एकूण वस्तुमान निघते. जड तारा कमी हलतो, हलका जास्त, त्यावरून वाटणी. जोडीदार जवळजवळ सूर्याइतका भरला!

आकार? तापमान सुमारे २५,००० अंश, तरी प्रकाश मंद. म्हणजे पृष्ठभागच लहान. तो पृथ्वीहून किंचित लहान ठरला.

सारे त्रैराशिकाच्या जातीचे. "मुलीला गणित कशाला?" असे विचारणारे पालक येथे बसले आहेत, म्हणून मुद्दाम सांगतो.

१९३० साली मुंबईहून विलायतेस निघालेल्या १९ वर्षांच्या चंद्रशेखर यांनी बोटीवरच अशा ताऱ्यांच्या वस्तुमानाची कमाल मर्यादा गणिताने काढली. आज ती सूर्याच्या सुमारे १.४ पट मानतात.