रोम येथील शेवटचा दिवस



आमच्या गायकवृंदाच्या रोमयात्रेचा शेवटचा दिवस शहर पाहण्यासाठीं राखून ठेविलेला होता. परंतु मुख्य गीत कोणीं गावें यावरून आदल्या रात्रीं आम्हांत बोलाचाली झाली होती, आणि सकाळीं आम्हीं दोन तट पाडूनच निघालों.

टायबर नदी ओलांडून ट्रास्टेव्हेरे भागांतील संत सिसिलिया हिच्या ख्रिस्तमंदिरांत आलों. तिची कबर १५९९ सालीं उघडण्यांत आली; पुढच्या वर्षीं स्टेफानो मादेर्नो या शिल्पकारानें घडविलेली तिची संगमरवरी मूर्ति वेदीखालीं आहे. कुशीवर पडलेली, मानेवर तरवारीची खूण, तोंड जमिनीकडे वळलेलें. गायकांच्या या आश्रयदात्रीचें मुखच दिसत नाहीं! लग्नाचीं वाद्यें वाजत असतां ती मनांतल्या मनांत देवाला गात होती, अशी परंपरा आहे.

आम्हीं माना खालीं घातल्या. ज्या दोघांनीं रात्रीं अबोला धरला होता, तेच सायंकाळीं एका पुस्तकावर वांकून हलक्या आवाजांत गाऊं लागले.

यास्तव, येत्या २२ नोव्हेंबरला तिच्या सणाच्या दिवशीं आम्हीं गाऊं, तेव्हां कोणाचा आवाज वर होता हें विचारूं नका. सर्वांचा मिळून एक झाला काय, एवढेंच पाहा.