चौकशी न करणारा उंबरठा

ग्रंथपाल आणि ग्रंथालय कार्यकर्ते बंधू-भगिनींनो,



या संमेलनासाठी आपण जमलो आहोत त्या नाशिकच्या द्वारका परिसरात मुंबई-आग्रा महामार्गाला पुण्याचा रस्ता येऊन मिळतो. त्याच पुणे रस्त्यावरच्या शिंदे गावात ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबई पोलिसांनी एमडीचा, म्हणजे मेफेड्रोनचा, कारखाना पकडला. शहर हादरलं, मोर्चे निघाले. कारखान्याला टाळं लावता येतं. पण ज्या घरातला मुलगा त्या पुडीच्या नादी लागला, त्या घराने कुणाकडे जायचं?

दारूच्या व्यसनातही हाच प्रश्न पडतो. दिल्लीच्या एम्सने केलेली देशव्यापी पाहणी २०१९मध्ये प्रसिद्ध झाली. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ माणसांमागे जेमतेम एकाला काही उपचार मिळतात, असं तिच्यात आढळलं. उरलेल्या ३७ जणांच्या वाटेत पैसा, अंतर, अज्ञान हे सगळं येतं. आणि जोडीला असते ती लाज. व्यसनमुक्ती केंद्राच्या पायरीवर ओळखीच्या कुणी पाहिलं तर? वाचनालयाच्या पायरीवर ही धास्ती नसते. पेपर चाळायला आलेले आजोबा, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा मुलगा आणि नवऱ्याच्या पिण्याने खचलेली बाई एकाच दाराने आत येतात. का आलात, असं कुणी विचारत नाही. आपलं हे बळ आपण अजून ओळखलेलं नाही.

वाचनातून काय उभं राहतं, हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. लेखक अनिल अवचटांनी गर्द या अमली पदार्थाच्या विळख्यातल्या तरुणांवर लिहिलं. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले, त्यांनी मदतीचा हात पुढे केला आणि डॉ. अनिता अवचटांच्या पुढाकाराने १९८६मध्ये पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. लेखनाला योग्य वाचक भेटला आणि हजारो घरं सावरली. पुस्तक आणि वाचक यांची गाठ घालून देणं हेच तर आपलं काम.

म्हणून काही गोष्टी सुचवतो. व्यसन, उपचार आणि कुटुंबाची ओढाताण यांवरची मराठी पुस्तकं एका मोकळ्या कपाटात ठेवा आणि ती तिथेच बसून, नोंद न करता वाचू द्या. प्रत्येक पुस्तकात खूणपट्टी ठेवा आणि तिच्यावर १४४४६ हा केंद्र सरकारच्या नशामुक्ती हेल्पलाइनचा क्रमांक छापा. संध्याकाळी एखादी खोली दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या गटाच्या मीटिंगला द्या आणि पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी असलेल्या अल-अनॉनलाही द्या. पिण्याची वेळ बहुतेकांची संध्याकाळचीच असते. त्या वेळी जायला दुसरी जागा हवी. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमाने नाशिकमधून पुस्तकांच्या पेट्या दूरदूर पोचवल्या. तशीच एक पेटी व्यसनमुक्ती केंद्रांत आणि एक ट्रकचालकांच्या थांब्यांवर जायला हवी.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २००९मध्ये समाजसेविकेची नेमणूक केली. आपल्या तुटपुंज्या अनुदानात ते जमणार नाही. पण जवळच्या केंद्रातल्या समुपदेशकाला महिन्यातून एकदा वाचनालयात बोलावणं नक्की जमेल.

एक मर्यादा मात्र पाळू या. आपण डॉक्टर नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी सोडली, तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. ‘आजच सोडा’ असा सल्ला देऊ नका, डॉक्टरांपर्यंत पोचवा. उपदेश करू नका. आणि कुणी विश्वासाने सांगितलेली गोष्ट वाचनालयाबाहेर नेऊ नका. एकदा विश्वास तुटला, तर तो माणूस परत येणार नाही.

नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४०पासून वाचकांसाठी उघडं आहे. ज्ञान मूठभरांपुरतं राहू नये, म्हणून अशा संस्था जन्मल्या. आज उपचाराची माहिती मूठभरांपुरती उरली आहे. ती सर्वांपर्यंत नेणं हा त्याच कार्याचा पुढचा टप्पा आहे. इथून परतल्यावर प्रत्येकाने आपल्या कार्यकारिणीपुढे एवढा एक ठराव मांडावा: आठवड्यातली एक संध्याकाळ आणि एक खोली या कामासाठी. या संमेलनाचा अध्यक्ष म्हणून माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे.