मूलद्रव्याची जागा



शाळेच्या प्रयोगशाळेत टांगलेला आवर्तसारणीचा तक्ता तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. रंगीत चौकोन, प्रत्येकात एक-दोन अक्षरं आणि एक आकडा. बहुतेकांच्या वाट्याला हा तक्ता आला तो पाठांतरासाठी. पहिली 20 मूलद्रव्यं घडाघडा म्हणून दाखवली की धडा संपला. आज मला सांगायचं आहे ते एवढंच, की हा तक्ता वाचता येतो. मूलद्रव्य कुठे बसलं आहे हे कळलं, की ते कसं वागेल याचा बराचसा अंदाज बांधता येतो.

तक्ता आत्ता आपल्यासमोर नाही, तेव्हा त्याच्या तिसऱ्या आडव्या ओळीतून आपण ऐकत ऐकतच जाऊ. सुरुवातीला, अगदी डावीकडे, सोडियम. आहे धातू, पण सुरीनं कापता येईल इतका मऊ. पाण्यात टाकला की तडतडत पृष्ठभागावर धावतो, कधी पेट घेतो. म्हणून त्याला रॉकेलमध्ये बुडवून ठेवतात. शेजारचं मॅग्नेशियम थंड पाण्यात जवळजवळ शांत राहतं. मग ॲल्युमिनियम, आपल्या पातेल्यांचं. त्यानंतर सिलिकॉन: चमक धातूसारखी, पण हातोडी मारली तर तुकडे होतात, धड धातू नाही, धड अधातू नाही. पुढे काडेपेटीच्या कडेला लावलेला फॉस्फरस, मग पिवळं गंधक, मग नाकाला झोंबणारा, विषारी क्लोरीन वायू. आणि शेवटी आर्गॉन, जो सहसा कुणाशीच संयोग पावत नाही.

क्रमांक 18 इथे संपला. आता 19 वं मूलद्रव्य पोटॅशियम. ते पुन्हा मऊ, पुन्हा सुरीनं कापता येणारं, पाण्यात पडताच पेटणारं. सोडियमचाच स्वभाव, जरा अधिक तापट. म्हणून पोटॅशियमपाशी नवी ओळ सुरू होते आणि ते बरोबर सोडियमच्या खाली येऊन बसतं.

भिंतीवरच्या कॅलेंडरात जसे सगळे सोमवार एका रांगेत येतात, तशीच इथली व्यवस्था आहे. फरक इतकाच, की आठवडा कायम सात दिवसांचा असतो, आणि इथल्या ओळींची लांबी वाढत जाते: 2, 8, 8, 18, 18, 32 आणि 32. बेरीज केली तर 118 येते, आणि आज आपल्याला माहीत असलेली मूलद्रव्यं तेवढीच आहेत. आडव्या ओळीला आवर्त म्हणतात, उभ्या ओळीला गण. आवर्तं सात, गण 18. तक्त्याच्या खाली दोन ओळी वेगळ्या काढलेल्या दिसतात, त्या केवळ कागदाची रुंदी पुरावी म्हणून. त्यांची खरी जागा सहाव्या आणि सातव्या आवर्ताच्या आतच आहे.

स्वभाव असा फिरून फिरून का येतो? अणूच्या केंद्राभोवती इलेक्ट्रॉनांची कवचं असतात आणि रासायनिक व्यवहार चालतो तो मुख्यतः सर्वांत बाहेरच्या कवचातून. सोडियमच्या बाहेरच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन, तो देऊन टाकायला सोडियम उतावीळ. क्लोरीनच्या बाहेरच्या कवचात सात, त्याला आठवा हवा. एकानं दिला, दुसऱ्यानं घेतला, की आपल्या ताटातलं मीठ तयार. पोटॅशियममध्ये इलेक्ट्रॉन एकूण 19, पण बाहेरच्या कवचात पुन्हा एकच.

ही सारणी ज्यानं मांडली त्या दिमित्री मेंडेलीव्हला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. इलेक्ट्रॉनचा शोध लागला 1897 मध्ये, आणि सेंट पीटर्सबर्गच्या या प्राध्यापकानं सारणी प्रसिद्ध केली 1869 मध्ये. तो विद्यार्थ्यांसाठी रसायनशास्त्राचं पाठ्यपुस्तक लिहीत होता आणि मूलद्रव्यं कोणत्या क्रमानं शिकवावीत, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. तेव्हा माहीत असलेली 63 मूलद्रव्यं त्यानं अणुभाराच्या चढत्या क्रमानं लावली आणि सारख्या गुणधर्मांची एका गटात आणली. जिथे गुणधर्म जुळेनात, तिथे त्यानं सरळ जागा रिकामी सोडली.

ॲल्युमिनियमच्या खालच्या रिकाम्या जागेला त्यानं एका-ॲल्युमिनियम असं नाव दिलं. त्यातला ‘एक’ त्यानं संस्कृतातून घेतला होता. हा धातू सापडेल, त्याचा अणुभार 68 च्या आसपास असेल, घनता 5.9 च्या आसपास असेल आणि तो कमी तापमानाला वितळेल, असं त्यानं लिहून ठेवलं. 1875 मध्ये फ्रान्समध्ये लकॉक द ब्वाबोद्राँ यांना तो धातू सापडला. हेच गॅलियम. त्यांनी घनता मोजली, ती आली 4.7. धातूचा कणही न पाहिलेल्या मेंडेलीव्हनं कळवलं, की नमुना शुद्ध करून पुन्हा मोजा. पुन्हा मोजली, तर 5.9! आणि वितळणबिंदू म्हणाल, तर 30 अंश सेल्सिअसच्याही किंचित खाली. आपल्याकडच्या उन्हाळ्यात गॅलियम बशीत नुसतं ठेवलं तरी त्याचं पाणी होईल.

एका बाबतीत मात्र अणुभार आडवा येत होता. टेल्युरियम आयोडीनपेक्षा जड, म्हणजे नियमानं ते नंतर यायला हवं. पण आयोडीनचे गुण क्लोरीन-ब्रोमीनशी जुळणारे. मेंडेलीव्हनं गुणांना मान दिला, टेल्युरियम आधी ठेवलं आणि त्याचा अणुभार मोजण्यात चूक झाली असावी असं मानलं. मोजमाप बरोबर होतं, आणि त्यानं दिलेली जागाही बरोबर होती. हे कोडं सुटलं 1913 मध्ये. हेन्री मोझली या तरुण इंग्रज शास्त्रज्ञानं मूलद्रव्यांचे क्ष-किरण तपासले आणि दाखवून दिलं, की खरा क्रम अणुभाराचा नसून केंद्रातल्या धनप्रभाराचा, म्हणजे अणुअंकाचा आहे. टेल्युरियम 52, आयोडीन 53. दोनच वर्षांनी, पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीच्या रणभूमीवर मोझली मारला गेला. वय अवघं 27. विज्ञानाचं हे नुकसान कधीही भरून न येणारं आहे.

आता जागेला किती महत्त्व आहे ते पाहा. दुसऱ्या गणात वरून खाली येऊ: बेरिलियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम, बेरियम आणि तळाशी रेडियम. कॅल्शियमपासून आपली हाडं बनतात. साधारण 1920 च्या सुमारास अमेरिकेतल्या कारखान्यांत घड्याळांच्या तबकड्यांवर अंधारात चमकणारा रेडियमचा रंग भरायला तरुण मुली कामाला होत्या. कुंचल्याला टोक यावं म्हणून त्यांना तो ओठांत धरायला शिकवलं जाई. प्रत्येक वेळी थोडं रेडियम पोटात जायचं. शरीराला ते कॅल्शियमसारखंच भासलं आणि त्यानं ते हाडांत साठवलं. तिथून त्याचा किरणोत्सर्ग चालू राहिला. जबडे कुजले, हाडं मोडली, कितीतरी जणी मेल्या. रेडियम कॅल्शियमच्याच गणातलं आहे, हे रसायनशास्त्राला मेरी क्यूरी यांच्या कामापासून माहीत होतं. तक्त्यातली ती उभी ओळ कुणी त्या मुलींच्या बाजूनं वाचली नाही.

आज तीच ओळ डॉक्टर वाचतात. प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत पसरतो, तेव्हा रेडियमचाच एक समस्थानिक, रेडियम 223, मोजून-मापून टोचतात. कॅल्शियमच्या वाटेनं तो हाडातल्या रोगट जागी पोहोचतो आणि तिथल्या पेशी मारतो.

म्हणून शिक्षकांना आणि पालकांना माझी कळकळीची विनंती आहे. मुलांकडून 118 नावं घोकून घेऊ नका. त्यांना एक गण निवडू द्या, वरून खाली वाचू द्या, आणि पुढचं मूलद्रव्य कसं वागेल याचा अंदाज पुस्तक उघडण्याआधी बांधू द्या. अंदाज खरा ठरला की त्या मुलाला रसायनशास्त्राची गोडी लागेल, आणि चुकला तर का चुकला हे शोधताना तो आणखी शिकेल.