वाइन जुनी, पण मुरलेली का?



राज्याने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणले. आज नाशिकची वाइन बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरातही मिळते. मात्र प्रत्येक वाइन ठेवून मुरत नाही. मुरते ती मुख्यतः साली-बियांचा तुरटपणा आणि पुरेसा आंबटपणा असलेली लाल वाइन. बूच ओले राहावे म्हणून बाटली आडवी, अंधारात, सुमारे १२ ते १५ अंश सेल्सिअसला ठेवावी. आपल्या उन्हाळ्यात कपाटातली बाटली बिघडते.

मित्रमंडळी जेवायला येणार असल्यास बाटली आदल्या दिवशी उभी करावी. गाळ तळाशी बसतो. हळू ओतावी, आधी वास घ्यावा. व्हिनेगरसारखा वास आल्यास वाढू नये. सोबत मटण कमी तिखट असावे. खरेदी करताना नुसते साल पाहू नका, साठवण कशी होती ते विचारा.